कौलाला शिवायचं नाही

कौल माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडलं म्हणून मला कळलं. नाहीतर आजही मी लोकांना सांगत फिरले असते, की एम.एस्सी.ला असताना मी एका फटक्यात सात कौलं फोडत होते.

स्नेहसंमेलनाचा दिवस होता. विद्यापीठाच्या जिमखान्यामागच्या कोठीत मी काथ्याच्या चटया काढायला गेले होते. दुपारी खुल्या रंगमंचावर आमच्या कराटे मंडळाची प्रात्यक्षिकं होती आणि मुलींची प्रमुख म्हणून चटया, पट्टे, पाण्याचं पिंप ही सगळी उस्तवार माझ्या गळ्यात. मी चटई ओढली तसं शेजारच्या थप्पीवरचं गोणपाट सरकलं आणि वरचं कौल थेट माझ्या पायावर आलं. कळवळून खाली बसले. कौलाचा टवका तर उडाला नाही ना, म्हणून उलटं करून पाहिलं, आणि पाहतच राहिले.

कौलाच्या पोटावर, बरोबर मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सरळ रेघ होती. नखाने खरवडलं तर लाल पीठ निघालं, ओलसर, साबणाचा वास येणारं. पीठ निघाल्यावर खाली खाच दिसली. लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने पाडलेली, कौलाची निम्मी जाडी खाल्लेली खाच. मी दुसरं कौल उलटं केलं, तिसरं केलं. थप्पीतलं एकूण एक तसंच होतं. ही थप्पी मुलींची. पलीकडच्या कोपऱ्यात मुलांची थप्पी होती, तीही मी उलटीपालटी करून पाहिली. ती कौलं भट्टीतून आली तशीच धडधाकट होती.

हे मला दोन वर्षांत कळू नये, याला कारण आमच्या मंडळाचा नियम. ज्याने कौलं फोडायची त्याने आधी कौलाला शिवायचं नाही. लांब उभं राहायचं, थप्पीला वाकून नमस्कार करायचा, डोळे मिटून श्वास घ्यायचा आणि मग एकदम हात. "कौलाशी ओळख झाली की हात कचरतो," असं धैर्यशील सांगायचा आणि आम्हाला ते फार भारी वाटायचं. धैर्यशील मंडळाचा अध्यक्ष आणि शिकवणाराही तोच. काळा पट्टा, वडिलांची जीप, आणि कधीही न संपणारी पीएच.डी. थप्प्या तो स्वतः रचायचा. फुटल्यावर तुकडेही तोच गोळा करून पोत्यात भरायचा. एवढा मोठा माणूस, पण वाकून कचरा उचलतो बघा, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण पहिली त्याच्या.

अंगठा ठणकत होता, पण डोक्यात तिडीक गेली ती अंगठ्याची नव्हती. मला सुगंधा आठवली.

सुगंधा होस्टेलमधली माझी रूममेट. घाटापलीकडच्या गावातल्या एसटी कंडक्टरची मुलगी. आली तेव्हा बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघायची. मंडळात आली, काही महिन्यांत पाच कौलं फोडायला लागली आणि तिची मान वर झाली. आमटीत डाळ कुठं आहे ते दाखवा, असं मेसच्या आचाऱ्याला तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं. आम्ही ताटं वाजवली होती.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात, लायब्ररीतून होस्टेलकडे येताना, भर दुपारी, मोटरसायकलवरच्या दोघांनी तिची ओढणी धरली. त्या रस्त्यावर ते रोज कुणाची ना कुणाची धरत होते. बाकीच्या पोरी ओढणी सोडून पळायच्या. सुगंधा पळाली नाही. शिकवलं होतं तशी पाय रोवून उभी राहिली, आणि मागे बसलेला उतरून जवळ आला तेव्हा हाताच्या कडेने त्याच्या खांद्याच्या हाडावर जीव खाऊन हाणलं. मोडलं ते तिच्या हाताचं हाड. तो हसला. तोच हात धरून त्याने पिरगाळला, तिच्या तोंडात दिली, आणि दोघं निघून गेले.

दवाखान्यात धैर्यशील मोसंबी घेऊन आला होता. पलंगाशेजारी स्टुलावर बसला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत तिला म्हणाला, "जो हात पाच कौलं फोडतो, तो एका माणसापुढं मोडतोच कसा? एकाग्रता नव्हती तुझी. घाबरलीस तू."

सुगंधाने मान हलवली. त्या दिवसापासून ती पुन्हा चपलांकडे बघायला लागली. हात दुखतो म्हणून ती रडलेली मी पाहिली नाही. "मी ऐन वेळी घाबरले गं, पमा," एवढंच परत परत म्हणायची. मग तिने स्वतःच गावाकडे निरोप धाडला की मला घेऊन जा, मला हे झेपत नाही. तिचे वडील, तात्या, आजच येणार होते. संध्याकाळच्या गाडीने ती जाणार होती, आणि परत येणार नव्हती. पेटी भरून दाराशी ठेवलेली होती.

मी ते कौल उचललं आणि रंगमंचाकडे निघाले.

धैर्यशील माईकवाल्याला काहीतरी समजावत होता. मी कौलाची खाचेची बाजू त्याच्यासमोर धरली. त्याने एकदा कौलाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला कनातीआड नेलं. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, शपथा घेईल. त्यातलं काही नाही. "तू थप्पीला हात का लावलास?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग कौल माझ्या हातातून घेऊन त्याने खाचेवरून अंगठा फिरवला, काम नीट झालंय का ते बघावं तसा. हे सगळीकडे चालतं, म्हणाला. मुलींची हाडं नाजूक, एखादीचा हात गेला तर तिचा बाप येऊन माझी गचांडी धरेल. मुलांची तो कधीच कापत नाही. आणि यात फसवणूक कसली, मुलींना आत्मविश्वास येतो की नाही?

"सुगंधाचा हात गेलाच की," मी म्हणाले.

"माझ्या कौलावर नाही गेला."

मला आयुष्यात खूप माणसांचा राग आला आहे आणि बहुतेकांचा विसरूनही गेले आहे. हे वाक्य मात्र जसंच्या तसं आहे. तो ते कुत्सितपणे म्हणाला नव्हता. त्याला ते खरंच पुरेसं वाटत होतं.

मग त्याने मला विश्वासात घेतलं. आजचे पाहुणे निवृत्त पोलीस अधिकारी आहेत, विद्यापीठात त्यांच्या शब्दाला वजन आहे. पुढच्या वर्षीपासून सगळ्या मुलींना स्वसंरक्षणाचा वर्ग सक्तीचा व्हायचा आहे आणि शिकवायला अर्थातच तो. "पोरी तुला बघून येतात, प्रमिला. मला बघून नाही. आज झकास फोड. तुलाही सोबत घेतो शिकवायला."

म्हणजे होस्टेलमधली प्रत्येक पोरगी. प्रत्येकीला वाटणार की आपला हात म्हणजे कुऱ्हाड आहे, आणि प्रत्येकजणी त्या रस्त्यावर पाय रोवून उभी राहणार.

"येते मी स्टेजवर," मी म्हणाले.

त्याने माझा खांदा थोपटला. मुलगी समजूतदार आहे, असं त्याला वाटलं असावं. कौल मात्र त्याने परत दिलं नाही.

होस्टेलच्या व्हरांड्यात तात्या बाकावर बसले होते. खाकी पँट, वर धुतलेला पांढरा सदरा, पायाशी पेटी. मी नमस्कार केला. त्यांनी मला बसायला जागा करून दिली आणि म्हणाले, "पोर हुशार होती, नव्हं?" होती, मी म्हणाले. मला तिथे बसवेना.

खोलीत जाऊन मी सुगंधाला सगळं सांगितलं. खाच, साबण, लाल पीठ, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, डाव्या हाताने उशीचा अभ्रा काढून घडी घातली आणि म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू."

"शपथ घेऊ का?"

"घेशील की. तू काय, घेशील."

"थांब, कौल आणून दाखवते."

"नको. तू कापूनसुद्धा आणशील एखादं. तशीच आहेस तू." ती कसनुशी हसली. "पमा, मी स्वतः फोडलीत ती. हाताला कळतं गं, खरं का खोटं ते. त्या दिवशी मी घाबरले. झालं ते झालं."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. ज्याने तिचा हात मोडायला पाठवला, त्याच्यावर तिचा विश्वास होता आणि माझ्यावर नव्हता. बोलून काही उपयोग नव्हता. हाताला कळतं म्हणत होती, तर मग हातालाच सांगायला हवं होतं. मी तिला एवढंच म्हणाले की शेवटचं म्हणून माझं प्रात्यक्षिक बघून जा, तात्यांनाही आण. तेवढ्यावर ती तयार झाली.

दुपारी खुल्या रंगमंचापुढे मांडव भरला होता. पाहुणे पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर. त्यांच्या मागे दोन रांगा सोडून सुगंधा आणि तात्या, पेटी तात्यांच्या गुडघ्यांना टेकलेली. आधी मुलांनी फोडली, आरडाओरडा करून, एकाने तर तीन वेळा हात मारून. मग चटईवर माझी सात कौलं रचली गेली. पलीकडे, मखमली कापडाखाली, शेवटच्या कार्यक्रमासाठी धैर्यशीलची बारा कौलं होती. ती तो नेहमी घरून जीपमधून आणायचा आणि ती उचलायला दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

फोडण्याआधी मी माईकवर चार वाक्यं बोलायची असा शिरस्ता होता. वाक्यं धैर्यशीलने लिहून दिलेली, त्यात रणरागिणी वगैरे होतं. मी ती बोललेच नाही. मी म्हणाले, "आमची एक मैत्रीण आहे, सुगंधा. उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, पण डावा चांगला आहे. आज माझ्याऐवजी ती डाव्या हाताने फोडेल."

मांडवात कुजबुज झाली. सुगंधाचा चेहरा लालबुंद झाला, ती मान हलवत राहिली. मुलींनी टाळ्यांचा ठेका धरला. पडद्याआडून धैर्यशील मला खुणेने नाही नाही सांगत होता, पण पाहुणे सोफ्यावर पुढे सरकून बसलेले त्याने पाहिले आणि तोही टाळ्या वाजवायला लागला. तेवढ्यात तात्या वाकून तिच्या कानात काहीतरी बोलले आणि ती उठली. ते काय म्हणाले ते तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. "जाऊन ये. गाडीला वेळ हाय."

ती वर आली. मी माईक बाजूला धरून तिला म्हणाले, "जोर लावू नको. डास मारावा तसा मार."

"हाही मोडला तर?"

"तर मी खोटं बोलले."

तिने नमस्कार केला नाही की डोळे मिटले नाहीत. ज्या हाताने तिने कधी साधी ओळ लिहिली नव्हती, तो डावा हात उचलून तिने थप्पीवर टाकला. मारला म्हणणंही जास्त होईल. सातही कौलं एकदम खाली बसली.

मांडव उठून उभा राहिला. पाहुणे उठले, त्यांच्यामुळे बाकीचे प्राध्यापक उठले. कुणीतरी शिट्टी मारली. एक हात मोडलेली पोरगी दुसऱ्या हाताने सात कौलं फोडते म्हणजे काय. धैर्यशील तर पुढे येऊन तिच्याकडे हात करून लोकांना दाखवत होता. त्या टाळ्यांचा मला असा संताप आला, की माईक फेकून मारावा कुणाला तरी.

सुगंधा मात्र आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. मग ती खाली बसली आणि एक तुकडा उचलला. फुटलेल्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. अर्धी कड खडबडीत होती, अर्धी करवतीने सरळ कापलेली. तिने दुसरा तुकडा उचलला. टाळ्या चालूच होत्या आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं. मांडवभर माणसांत त्या टाळ्यांचा अर्थ फक्त तिला आणि मला कळत होता. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या चपलांकडे नाही.

पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. तुकडे लोकांना दाखवायचे, एवढंच माझ्या मनात होतं. ती उठली ती तडक मखमलीकडे गेली.

धैर्यशील झपाझप तिच्या आडवा आला. "सुगंधा, कौलाला शिवायचं नाही," तो म्हणाला, अजून हसतच.

तिने डाव्या हाताने मखमल ओढून खाली टाकली, बारातलं वरचं कौल उचललं आणि उलटं केलं. मुलांची कापत नाही, असं तो म्हणाला होता, आणि ते मी स्वतः तपासलं होतं. खोटं नव्हतंच ते. मुलांची धडधाकट होती. आमची कापलेली होती. आणि त्याची स्वतःची आमच्यापेक्षाही खोल कापलेली होती.

सुगंधाने खाच नखाने खरवडली. लाल पीठ तिच्या पांढऱ्या प्लॅस्टरवर सांडलं. रंगमंचाच्या कडेशी जाऊन तिने ते कौल पाहुण्यांच्या हातात दिलं. मग मुलांच्या उरलेल्या थप्पीतलं एक साबूत कौल आणलं, मग अजून एक, अजून एक, एका हाताने, घाई न करता. टाळ्या आपोआप थांबल्या होत्या. धैर्यशीलसमोर तिने थप्पी रचली आणि म्हणाली, "दादा, ही फोडा."

तो तिच्याशी अगदी हळू बोलला. पण मी जवळ उभी होते आणि माझ्या हातातला माईक चालू होता.

"आता नाही जमणार," तो म्हणाला. "माझी एकाग्रता मोडलीये."

ते मांडवभर ऐकू गेलं. आधी मुलींच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा मांडव. सुगंधा हसली नाही.

"माझी होती, दादा," ती म्हणाली. "त्या दिवशी माझी एकाग्रता होती."

पाहुण्यांनी चष्मा लावून कौल नीट पाहिलं. एवढी वर्षं पोलिसात काढलेला माणूस, खाच त्यांना कळली नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी कौल सोफ्याजवळ खाली ठेवलं, बुटाने आत सरकवलं आणि निवेदकाला खूण केली. निवेदकाने कोळीनृत्य जाहीर केलं. टेप लागली, कोळणी टोपल्या घेऊन आल्या आणि आमच्या तुकड्यांवर नाचायला लागल्या.

कुणाचं काही झालं नाही, हेही सांगून टाकते. पुढच्या वर्षी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झाला आणि शिकवायला धैर्यशीलच होता. फक्त कौलं बंद झाली. आमच्या होस्टेलमधल्या पोरी हजेरीपुरत्या जायच्या, मागच्या रांगेत उभ्या राहायच्या आणि तो पुढे आला की एकमेकींना विचारायच्या, एकाग्रता आहे का गं तुझी?

संध्याकाळी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. वाटेत मी तात्यांना काही सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी हाताने थांबवलं. गाडी लागली होती. तात्या शिडीने टपावर चढले, पेटी वर घेतली आणि दोरीने बांधायला लागले. सुगंधा खाली उभी राहून बघत होती. शेवटची गाठ मारत होते तेव्हा ती म्हणाली, "तात्या, मी घाबरले नव्हते."

ते थांबले. "मग?"

"मी नीटच मारलं होतं. हात खोटा निघाला. मी नव्हे."

तात्या टपावर दोरी धरून तसेच उभे राहिले. गाडीच्या कंडक्टरने घंटी मारली. तात्या वरूनच त्याच्यावर खेकसले की पाव्हणं, मी पण डब्बल बेलवालाच हाय, दम धरा जरा. मग वाकून त्यांनी मारलेल्या गाठी एकेक करून सोडल्या. पेटी खाली आली. ती आम्ही दोघींनी धरली तेव्हाच मला कळलं की काय झालंय, आणि माझ्या डोळ्यांसमोरची लाल एसटी धूसर झाली.

तात्या एकटेच खिडकीशी बसले. लेकीला त्यांनी जवळ बोलावलं. मला वाटलं, जपून राहा म्हणतील, एकटी जाऊ नको म्हणतील, सगळे बाप म्हणतात ते म्हणतील.

"पुढच्या बारीला हातानं मारू नको," तात्या म्हणाले. "दगड घे."

गाडी गेली. पेटी बरीच जड होती. सुगंधाने डाव्या हाताने एक कडी धरली, मी उजव्या हाताने दुसरी, आणि आम्ही लायब्ररीच्या रस्त्याने होस्टेलकडे निघालो.